गोलातली खुर्ची

इंगवले चीफांच्या सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये मऊ सोफा होता, डुलणारी वेताची खुर्ची होती आणि जेवणाच्या टेबलाभोवती गुबगुबीत गाद्यांच्या खुर्च्या होत्या. स्वतः चीफ मात्र बसत ते एका लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. हॉकर सेंटरमध्ये नूडल्स खाताना आपण जिच्यावर बसतो आणि उठताना जी पँटला चिकटून थोडी वर येते, तसली. तिच्यावर बसून ते जेवत, पेपर वाचत, कोल्हापूरला बायकोला फोन करत. शर्टावर तिच्या पाठीच्या पट्ट्यांचे वळ उठलेले असत.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा, संकोची पुणेकराला शोभेल अशा रीतीनं घरातली सगळ्यात वाईट खुर्ची हेरून तिच्यावर टेकायला गेलो.

"हां हां, तिथं नको!" चीफ स्वयंपाकघरातून ओरडले. मी अर्धवट वाकलेला तसाच थांबलो.

"मोडकी आहे का?"

"मोडायची न्हाई ती. एवढ्यात तर न्हाईच. देवधर, ती आरामात बसायची खुर्ची न्हवं. ती रागानं बसायची खुर्ची हाय. तुम्ही सोफ्यावर बसा."

मी सोफ्यावर बसलो. रागानं बसण्याची माझी तेव्हाही ऐपत नव्हती. ऑफिसात माझा साहेब माझ्या कामावर स्वतःचं नाव घालून मिरवायचा आणि मी त्याचा सूड म्हणून त्याच्या वाढदिवसाच्या केकचा दुसरा तुकडा खायचो. माझी मजल तिथवरच.

इंगवले जहाजावर चीफ इंजिनियर होते. समुद्र सोडल्यावर ते सिंगापूरच्या एका कॉलेजात मरीन इंजिनियरिंग शिकवायला लागले आणि तिथल्या फुटबॉल टीमचे कोचही झाले. माणूस कोल्हापूरचा, त्यातून पेठेतला, म्हणजे फुटबॉल काय चीज आहे हे त्याला चालता येण्याआधी कळलेलं. आमचा केदार त्याच कॉलेजात होता. टीममध्येही होता, पण त्या पहिल्या सीझनमध्ये त्याची जागा बाकावर, पाण्याच्या बाटल्यांशेजारी. खेळाच्या बाबतीत त्याचा बाप कॅरममध्ये राणी घेऊन कव्हर न करणारा, तेव्हा पोराला मी दोष देत नव्हतो.

ती लाल खुर्ची कुठून आली ते सांगायचं तर त्या पहिल्या सीझनची फायनल सांगायला हवी. ती मी स्वतः पाहिली, आणि पुढे वर्षभर चीफांच्या तोंडून ऐकली, त्यामुळे आता त्यातलं पाहिलेलं किती आणि ऐकलेलं किती हे मलाच कळत नाही.

त्या वर्षीची आमची टीम देखणी होती. सगळी सीनियर पोरं, उंचपुरी, केसांना जेल लावलेली. फायनलपर्यंत एकही मॅच हरली नव्हती. फायनलच्या दिवशी मॅचआधीच त्यांनी कपाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. समोर होतं मिस्टर लिम नावाच्या कोचचं कॉलेज, मैदानही त्यांचंच. हे लिम बुटके, हसरे, पोटावरून बेल्ट घसरणारे गृहस्थ. त्यांच्या पोरांनी आमच्या देखण्या पोरांना अर्ध्या तासात असं काही गुंडाळलं की बॉल आमच्याच गोलाच्या अंगणात राहायला आला. सहा गोल झाले. आणि दुसऱ्या हाफमध्ये कधीतरी मिस्टर लिम एक लाल खुर्ची उचलून शांतपणे चालत पलीकडे गेले आणि त्यांनी ती आपल्या गोलात ठेवली. त्यांचा गोलकीपर तिच्यावर बसला.

होय, बसला. पाय पसरून. बॉल त्याच्याकडे एकदाही गेला नाही, म्हणून त्याला एकदाही उठावं लागलं नाही. लोक हसले. रेफरीसुद्धा हसला.

चीफ हसले नाहीत. मॅच संपल्यावर ते कोणाशी हात न मिळवता मैदान ओलांडून गेले, ती रिकामी खुर्ची त्यांनी उचलली आणि एमआरटीच्या मेट्रोत बसून, म्हणजे उभं राहून, घरी आणली.

"कोल्हापुरात मी कॉलेजात असताना," त्यांनी मला सोफ्यावर बसवून सांगितलं, "आम्ही दुसऱ्या पेठेकडून हरलो. हरलो तर हरलो. पण संध्याकाळी त्यांची मिरवणूक आमच्या चौकात आली. हलगी, गुलाल, सगळं. आणि आमच्या तालमीच्या दारात त्यांनी काय केलं? खुर्ची टाकली. त्यांचा गोलकीपर तिच्यावर बसवला, गळ्यात हार घातला आणि म्हणाले, याला दिवसभर काही काम न्हवतं, बिचारा उभं राहून दमलाय. माझे वडील समोर आमच्या घराच्या दारात उभे होते, देवधर. ते आत गेले ते दोन दिवस बाहेर आले न्हाईत. त्याची परतफेड करायच्या आधी मी जहाजावर गेलो. ते राहिलंच. आणि आता हा लिम्या!"

"पण लिमना कोल्हापूरचं कसं माहीत असणार?"

"खुर्चीची भाषा सगळीकडं एकच हाय."

कॉलेजनं त्यांना सांगून टाकलं होतं की पुढच्या वर्षानंतर त्यांचा करार वाढवणार नाहीत. वय झालं होतं. बायको आधीच कोल्हापूरला जाऊन घर लावून बसली होती. म्हणजे त्यांच्या हातात एकच सीझन होता. लिमच्या टीमला फायनलमध्ये गाठायचं, हरवायचं, आणि ती हरत असताना तीच खुर्ची आपल्या गोलात मांडून आपला गोलकीपर तिच्यावर बसवायचा, एवढ्यासाठी हा माणूस सिंगापुरात राहिला होता. जेवताना त्या खुर्चीवर का बसता, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जेवण पचतं, राग पचू नये म्हणून."

पण नव्या सीझनची टीम बघितली आणि मी मनातल्या मनात कपाचा नाद सोडला. सगळी देखणी पोरं कॉलेज संपवून तिथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत गेली होती. मागे उरली होती ती बाकावरची. कॅप्टन रोझलान बॉलपेक्षा माणसाला जास्त लाथा मारायचा. गोलकीपर सेल्वा चष्मा काढला की फक्त आवाजावर खेळायचा. आणि लेफ्ट बॅक म्हणून चक्क आमचा केदार. मीनल, माझी बायको, म्हणाली, "अहो, तो घरी रिमोट पडला तरी वाकत नाही!"

चीफांना मात्र ही टीम मनापासून आवडली. संध्याकाळी क्लेमेंटीच्या आमच्या इमारतीखाली कॉफी घेताना ते दोन्ही सीझन शेजारी शेजारी मांडून बसत. दुसरा विषयच नसे.

"मागच्या वर्षीचं इंजिन नवंकोरं होतं," ते म्हणत. "तेलपाणी फसक्लास. पण लग्नाला निघाल्यासारखं चालायचं. हे भंगारातलं हाय. पण आवाज ऐका की!"

"आवाज आहे खरा. पण परवा आपण बरोबरी केली हो. मागच्या वर्षी हीच मॅच चार गोलांनी जिंकली होती."

"जिंकली होती आणि हसत घरी गेली होती. परवा बरोबरी झाली आणि रोझलान रडला. मागच्या वर्षी कोणी रडल्याचं आठवतंय? हरल्यावर बर्गर खायला गेले सगळे! मला रडणारी टीम पाहिजे."

रडणारी टीम तयार करायची त्यांची पद्धत अजब होती. प्रॅक्टिसला ती खुर्ची मैदानात यायची. पळून पळून पोरं गवतावर आडवी झाली की चीफ एकेकाला बोलावून तिच्यावर बसवत आणि बाकीच्यांना त्याच्यासमोर उभं करत. चीफांचं इंग्रजी कोल्हापुरातूनच निघालेलं असे आणि वाटेत कुठं थांबलेलं नसे.

"सिट. हाऊ फीलिंग?"

"शिओक, सर!" सेल्वा म्हणाला. म्हणजे झकास.

"गुड. धिस शिओक, दॅट बॉय वॉज फीलिंग. सिक्स गोल्स, अँड शिओक! नाऊ गेट अप. टेन राउंड."

मग उभे असलेले सगळे बसलेल्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की मला, बाटल्या धरून उभ्या असलेल्या पालकाला, घाम फुटायचा. केदार घरी येऊन पाय बर्फात बुडवून म्हणायचा, "बाबा, दॅट लिम, आय टेल यू, धिस टाइम वुई रब हिज फेस ऑन द चेअर, लाह." आमच्या घरात एवढा तिखट माणूस तोवर झाला नव्हता. मीनल काळजीत पडली. मला, खरं सांगतो, जरा अभिमान वाटला. त्या आठवड्यात मी साहेबाच्या केकला हातही लावला नाही.

ती भंगारातली टीम खरडत, धापा टाकत, कधी एका गोलानं तर कधी नशिबानं फायनलला पोचली. आणि समोर पुन्हा मिस्टर लिम.

फायनलच्या दुपारी चीफांनी खुर्ची माझ्याकडे सोपवली. जुरोंग ईस्टहून एमआरटीत आम्ही दोघं निघालो. गाडी भरलेली. मी खुर्ची खाली ठेवली मात्र, बाजारहाट करून आलेली एक म्हातारी चिनी आजी "थँक यू आ" म्हणत तिच्यावर बसली आणि मांडीवर पालेभाजीची पिशवी घेऊन डुलक्या घ्यायला लागली. वर्षभराचा राग साठवलेली ती खुर्ची!

"उठवू नका," चीफ माझ्या कानाशी म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "म्हातारं माणूस हाय. पण बघा की देवधर, सूड घ्यायला निघालोय आणि वर ही पालक घेऊन बसलीय."

मैदानावर पोचलो. आमची पोरं एका कोपऱ्यात बुटांच्या नाड्या बांधत होती. फोटोबिटो नाही. कोणी बोलत नव्हतं. मागच्या वर्षी याच जागी किती दंगा होता! चीफांनी माझ्याकडे बघून नुसती भुवई उचलली: दिसतोय का फरक?

तेवढ्यात पलीकडून मिस्टर लिम बेल्ट सावरत, दोन्ही हात पसरून आमच्याकडे धावतच आले. चीफ ताठ झाले. पण लिम चीफांकडे आले नाहीत, माझ्याकडे आले. माझ्या हातातल्या खुर्चीकडे. त्यांनी ती उलटी केली. खालच्या बाजूला निळ्या रंगाचा एक ठिपका होता, आम्ही तो कधी पाहिलाच नव्हता.

"अय्यो, माय चेअर! आमच्या कँटीनची खुर्ची! वन इयर आय लुक फॉर धिस. कँटीनवाली आँटी अजून मला शिव्या घालते. यू फाउंड इट, चीफ? सो गुड ऑफ यू!"

चीफ तो निळा ठिपका बघत राहिले. मीच विचारलं, की मागच्या वर्षी ती गोलात कशाला नेली होती?

"माय कीपर, लाह!" लिम म्हणाले. "सेकंड हाफ सुरू झाला आणि पोराचा पाय मुरगळला. घोटा हा एवढा! बदली खेळाडू सगळे संपलेले. उभं राहता येईना, बाहेर यायला तयार नाही. मग काय करणार? रेफरीला विचारलं, कँटीनमधून खुर्ची आणली. लोक हसत होते. आय वॉज सो शेमफुल. माझं नशीब, तुमच्या मुलांनी एकदाही बॉल मारला नाही. व्हेरी काइंड बॉइज."

व्हेरी काइंड बॉइज! चीफांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"कॅन आय टेक?" लिमनी खुर्चीला हात घातला.

"आफ्टर मॅच," चीफ म्हणाले. "आय विल गिव्ह. पर्सनली."

लिम हसत गेले. मी चीफांकडे बघितलं. वर्षभर जेवताना, झोपायच्या आधी, फोनवर, प्रॅक्टिसला जे पेटवून ठेवलं होतं त्याखालचं लाकूडच कोणीतरी काढून नेलं होतं. आणि पलीकडे अकरा पोरं त्याच आगीवर उकळत होती.

"मुलांना सांगायचं का?" मी हळूच विचारलं.

"वेड लागलंय?" चीफ फुसफुसले. "बॉयलर पेटलाय. आता गार पाणी ओतलं तर तडकंल. एक शब्द बोलायचा न्हाई."

"पण अपमान झालाच नव्हता म्हणजे…"

ते गर्रकन वळले. "असं कसं झाला न्हवता? पाय त्याचा मुरगळला होता, ठीक हाय. माझ्या अपमानाचा पाय मुरगळला न्हवता, देवधर! तो वर्षभर माझ्या घरात राहिलाय. माझ्या ताटात जेवलाय. आता त्याला म्हणू, बाबा, तू आलाच न्हवतास? बाप माझा दोन दिवस घरात कोंडून घेऊन बसला होता, ते काय घोटा सुजला म्हणून?"

मी खुर्ची बाकाशेजारी ठेवली आणि बाटल्या मांडल्या.

मॅच सुरू झाली. पहिला गोल त्यांनी केला. मागच्या वर्षी पहिला गोल खाल्ल्यावर आमची पोरं एकमेकांकडे बघून खांदे उडवत होती. या वर्षी रोझलाननं बॉल जाळ्यातून स्वतः उचलला आणि पळत जाऊन मध्यावर ठेवला. हाफटाइमआधी त्यानंच बरोबरी केली. बॉल आधी, माणूस नंतर, या क्रमानं प्रथमच. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नरवरून दुसरा गोल झाला. आणि तिसऱ्याची सुरुवात, मीनलनं हे वाक्य नंतर घरात फ्रेम करून लावायचं ठरवलं, आमच्या केदारनं केली. पोरगा डाव्या कडेनं असा सुटला की रिमोटसाठी न वाकणारा तो हाच का, असं मला वाटलं. त्यानं बॉल आत दिला आणि रोझलाननं मारला.

तीन-एक. थोडाच वेळ राहिलेला. लिमची पोरं दमलेली, माना खाली घातलेली. आणि आता आमच्या टीममध्ये कुजबुज सुरू झाली. सेल्वानं गोलातून दोन्ही हातांनी बसल्याची खूण केली. रोझलान पळता पळता ओरडला, "सर! चेअर, सर! नाऊ, सर!" केदारही ओरडला, "चेअर! चेअर!" बाकावरच्या पोरांनी टाळ्यांचा ठेकाच धरला.

चीफांनी खुर्ची उचलली. पाठीला दोन्ही हातांनी घट्ट धरली. एक पाऊल पुढे टाकलं. समोर लिम उभे होते, बेल्ट सावरायचंही विसरलेले, हरणाऱ्या आपल्या पोरांना "नेव्हर माइंड, नेव्हर माइंड" म्हणत. चीफ त्यांच्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याशेजारी उभा होतो आणि माझं मत कोणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तर मी मांडा म्हणालो असतो. एवढं वर्ष बाटल्या वाहिल्यावर मलाही काहीतरी हवं होतं.

"नॉट यट!" चीफ गरजले. "प्ले!"

शिट्टी वाजली. पोरं एकमेकांवर पडली. आणि चीफ खुर्ची डोक्यावर धरून एकटेच मैदानात उतरले. पोरं उठून त्यांच्यामागे निघाली, मग बाकावरची, मग मी. हलगी नव्हती, तरी मिरवणूकच ती. आम्ही सगळं मैदान ओलांडून लिमसमोर जाऊन थांबलो. चीफांनी खुर्ची खाली ठेवली. खिशातून रुमाल काढून ती पुसली. लिमच्या खांद्यावर हात ठेवला.

"मिस्टर लिम," ते म्हणाले, "प्लीज. सिट."

लिम बसले.

आमच्या पोरांनी जी आरोळी ठोकली ती अजून माझ्या कानात आहे. वर्षभराचे राउंड, बर्फात बुडवलेले पाय, सहा गोल, सगळं त्या आरोळीत होतं. लिमना वाटलं, आपल्यालाच मान देतायत. त्यांनी हसून हात हलवला. पोरं आणखी ओरडली. लिमनी दुसराही हात हलवला. बक्षीससमारंभ सुरू झाला तसे ते उठायला लागले, तर चीफांनी खांदा दाबून त्यांना खाली बसवलं. "नो नो. सिट, सिट." आमच्या पोरांना कप मिळाला, मेडल मिळाली, भाषणं झाली, तेवढा वेळ लिम बसलेले आणि त्यांच्यामागे हात पाठीशी बांधून, छाती काढून चीफ उभे. शेवटी लिम भारावून म्हणाले, "थँक यू, चीफ. माय बॅक पेन, यू नो. नोबडी एव्हर नोटिस."

परतताना एमआरटीत चीफ रिकाम्या हातांनी उभे होते. जागा होती तरी बसले नाहीत.

"बसवला की न्हाई?" ते म्हणाले. "सगळ्यांदेखत बसवला."

"पण चीफ, त्यांना तर वाटलं तुम्ही आदर…"

"त्याला काय वाटलं हा त्याचा प्रश्न हाय. मला माहीत हाय, पोरांना माहीत हाय. आणि वर," त्यांनी छताकडे, म्हणजे बहुधा वडिलांकडे, बोट केलं, "तिथं माहीत हाय."

महिन्याभरात ते कोल्हापूरला गेले. चांगी विमानतळावर निरोप द्यायला मिस्टर लिम स्वतः आले होते, डोळ्यांत पाणी आणून. म्हणाले, एवढा दिलदार प्रतिस्पर्धी आपण पाहिला नाही. चीफांनी त्यांना मिठी मारली आणि त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून डोळा मारला. त्यानंतर कोल्हापूरहून त्यांचा फोन आला की केदारची चौकशी, मीनलची चौकशी, आणि शेवटी ठरलेला प्रश्न: "लिम्या काय म्हणतोय? बसलाय न्हवं अजून?" मी म्हणायचो, बसलाय. पलीकडून समाधानाचा एक हुंकार यायचा.

काही वर्षांनी चीफ गेल्याचं त्यांच्या पत्नीनंच फोनवर कळवलं. जेवून उठले आणि गेले, म्हणाल्या. कुठल्या खुर्चीवर जेवत होते, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

त्या आठवड्यात मी लिमच्या कॉलेजच्या मैदानावर गेलो. प्रॅक्टिस चालू होती. कडेला ती लाल खुर्ची होती, तिच्यावर लिम. मी बातमी सांगितली. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून मांडीवर ठेवली. मग खुर्चीच्या हातावर थोपटत म्हणाले, "धिस वन ऑलवेज माय चेअर नाऊ. बाकी कोणालाही बसू देत नाही. तुम्हाला माहीत आहे ना, त्यानं मला सगळ्यांसमोर कसं बसवलं? सो मच रिस्पेक्ट. सांगा ना, मिस्टर देवधर, असं का केलं असेल त्यानं?"

सांगून टाकावं असं एक क्षण वाटलं. तोंडही उघडलं होतं मी. पण मग चीफांचा तो हुंकार आठवला. लिम उठून मला जागा द्यायला लागले, म्हातारपणी आता त्यांना उठायला त्रास होत होता.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच खाली दाबलं.

"नो नो, मिस्टर लिम," मी म्हणालो. "सिट, सिट."